जवारी, ज्वारी आणि लाल रेघ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मिरजेची. मिरज म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, दवाखाने आणि सतारी. माझं माहेर दुसऱ्या गोष्टीशी जोडलेलं. आमच्या अब्बांनी आयुष्यभर तंबोरे आणि सतारी केल्या. आता ते ऐंशीच्या पुढं आहेत, हात थरथरतो, पण कान शाबूत आहेत. मी त्या कारखान्यात नुसती वावरले, शिकले काहीच नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले, एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि कविता लिहीत राहिले.

आज मात्र मला कवितेविषयी बोलायचं नाही. इंटरनेटवर कुठंही चार ओळी लिहायला बसलं, की एखाद्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते, ती तुम्ही पाहिली असेल. ब्राउझरमधली शुद्धलेखन तपासणी म्हणतात ती हीच. ती केव्हा चालू ठेवावी, केव्हा बंद करावी आणि तिचं किती ऐकावं, यावर बोलण्याइतकी मी काही संगणकातली जाणकार नाही. पण माझ्या एका सल्ल्यामुळं दोन घरांत घोटाळे झाले. त्यानंतर मी हा विषय जरा मुळापासून समजून घेतला, तेवढंच सांगते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरगावचे लोक चौकशी करायला लागले. माझ्या भाच्याला वाटलं, आपल्याही दुकानाचं एक पत्रक असावं. मजकूर त्यानं माझ्या घरी, माझ्याच संगणकावर बसून लिहिला आणि ईमेलनं थेट छापखान्यात धाडला. चार दिवसांनी दोन हजार पत्रकांचा गठ्ठा घेऊन आला. "खाला, बघा कसं झालंय!" पिवळा कागद, वर तंबोऱ्याचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं, 'सतार व तंबोऱ्याची ज्वारी खात्रीशीर लावून मिळेल. जुनी ज्वारी काढून नवी करून देऊ.'

खरं सांगते, मला आधी हसू आलं. गल्लीतल्या एकानं तर विचारलंच, "किलोला काय भाव ठेवलाय?" भाचाही ओशाळून हसला. अब्बांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी ते पत्रक दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "पन्नास वर्षं मी जे काम केलं, ते काय या कागदावर दिसत नाही."

जवारी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. तंबोऱ्याच्या तारा ज्या छोट्या आडव्या पाटावरून जातात त्याला घोडी म्हणतात. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उताराला हलकेच स्पर्श करत कंप पावते आणि त्या स्पर्शातून तो भरलेला, घुमणारा, झणत्कारणारा आवाज निघतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो आवाज नेमक्या जागी आणतात. उतार केसभर कमीजास्त झाला तर तार एक तर बद्द वाजते, नाही तर नुसती खरखरते. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या चऱ्या पडतात, मग कानशीनं तो माथा पुन्हा घासून सारखा करावा लागतो. याला जवारी लावणं म्हणतात. त्यासाठी माप नसतं. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत एकोणिसाव्या शतकात हे काम हातात घेतलं आणि त्यांचे सतारमेकर झाले. पंढरपूरकडून भोपळे यायचे, अजून येतात. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मोठमोठे गवई आपले तंबोरे इथं घेऊन आले, ते या जवारीपायी. आणि पत्रकावर ज्वारी!

भाच्याला विचारलं, "अरे, तुला जवारी लिहिता येत नाही?" तो म्हणाला, "मी जवारीच लिहिलं होतं, खाला. त्याखाली लाल रेघ आली. तुम्हीच सांगितलं होतं ना, लाल रेघ ठेवायची नाही म्हणून. उजवं बटण दाबलं, वरचाच शब्द घेतला."

मी सांगितलं होतं, हे खरं आहे. घरातल्या, शेजारच्या, ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगत आले होते. असं मी का सांगत होते, तेही सांगते.

आमच्या घरी दखनी आणि दाराबाहेर मराठी. शाळेत माझं मराठी चांगलं होतं, पण ऱ्हस्वदीर्घात मार खायची. 'परीक्षा'तली री मी पहिली काढायची आणि 'मुलाला'तला मु दुसरा. वर्गात पन्नास मुलांचं हेच चुकायचं. त्यांच्या वहीवर लाल शाई उमटायची तेव्हा बाई म्हणायच्या, लक्ष कुठं आहे? माझ्या वहीवर उमटली की म्हणायच्या, असू दे, घरची भाषा वेगळी आहे ना. बाई मायेनंच म्हणायच्या, पण ती माया मला लाल शाईहून जास्त टोचायची. पुढं कविता छापून यायला लागल्या, तेव्हा 'तुम्ही किती छान मराठी लिहिता' असं कौतुक पुष्कळ झालं. हे कौतुक कुलकर्णीबाईंचं कुणी करत नाही. तेव्हापासून मी एक ठरवलं होतं, आपल्या लिखाणात एक वेलांटी चुकता कामा नये. टेबलावर अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ठेवला. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार, असे अठराच्या अठरा पाठ केले.

आणि मग ब्राउझरमध्ये ही लाल रेघ आली. तिला माझं नाव माहीत नव्हतं. माझ्या घरची भाषा कोणती हे ती विचारत नव्हती. 'परिक्षा' कुणीही लिहिलं तरी तीच रेघ. मोठ्या प्राध्यापकांच्या लिखाणाखालीही मी ती पाहिली आहे आणि, आता कबूल करायला हरकत नाही, मला बरं वाटलं होतं! इतकी निःपक्षपाती मास्तरीण मला आयुष्यात भेटली नव्हती. म्हणून तिचं सगळं ऐकायचं, असा मी नियम केला आणि दुसऱ्यांनाही लावला.

आता ही रेघ येते कुठून ते पाहू. मला वाटायचं, यंत्राला मराठी येत असेल. तसं नाही. आत एक यादी असते. आपण लिहिलेला शब्द त्या यादीत सापडला तर ठीक, न सापडला तर रेघ. फायरफॉक्स, क्रोम, लिबर ऑफिस अशा अनेक ठिकाणी यासाठी 'हनस्पेल' नावाची प्रणाली वापरली गेली आहे. ती लास्लो नेमेथ या हंगेरियन गृहस्थांनी आपल्या भाषेसाठी तयार केली. हंगेरियन भाषेत एका शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागत जातात. आपलंही तसंच आहे. घर, घरात, घरातला, घरातल्यांनासुद्धा. हे सगळे शब्द यादीत वेगवेगळे लिहायचे तर यादी कधीच संपणार नाही. म्हणून हनस्पेलमध्ये दोन फायली असतात, एकीत मूळ शब्द आणि दुसरीत ते कसे चालवायचे याचे नियम. फायरफॉक्समध्ये मराठीचा असा शब्दकोश वेगळा बसवून घेता येतो, तोच मी बसवला होता.

आणि ते सुचवलेले शब्द? त्याची गोष्ट याहून जुनी आहे. १९६४ साली फ्रेडरिक डॅमेराउ यांनी दाखवून दिलं की टंकलेखनातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात. एक अक्षर बदलून पडतं, एक गळतं, एक जास्तीचं येतं किंवा शेजारची दोन अक्षरं उलटसुलट होतात. स्पेलिंग सुधारून सुचवणारे कार्यक्रम पुढं याच पायावर उभे राहिले. म्हणजे शब्द अडला की यंत्र यादीतला सगळ्यात जवळचा शब्द शोधतं. जवळचा म्हणजे अर्थानं नव्हे, अक्षरांनी. संगणकाच्या हिशेबात ज चा पाय मोडणं ही एक स्वतंत्र खूण आहे. तेव्हा 'जवारी' आणि 'ज्वारी' यांत अंतर फक्त एका खुणेचं. यादी करणाऱ्या स्वयंसेवकांनी ज्वारी घातली होती, कारण ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला लागते. जवारी कुणाला आठवली नाही. यात कुणाचा कट नाही, हे मी मुद्दाम सांगते. फुकटात, रात्री जागून ज्यांनी ही यादी केली त्यांचे उपकारच आहेत. फक्त रेघेचा अर्थ 'चूक' असा मी घेत होते. तिचा अर्थ 'हा शब्द माझ्या यादीत नाही' एवढाच आहे.

हे कळल्यावर मी एक दुपार गमतीनं शब्द लिहून पाहण्यात घालवली. तारीख, वकील, दुकान, शहर, कागद, जमीन यांतल्या एकाखालीही रेघ नाही. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीत इतके मुरलेत की यादी करणाऱ्याला ते परके वाटलेच नाहीत. माधव जूलियन यांनी तर १९२५ साली फार्शी-मराठी कोशच सिद्ध केला. पण शीरखुर्मा लिहिलं की रेघ, सालन लिहिलं की रेघ, अम्मा ज्याला 'दस्तरखान' म्हणायची त्याच्याखाली रेघ. आणि केवळ आमच्याच घरातल्या शब्दांचं हे नाही बरं का. आमच्याकडे काम करणाऱ्या सुताराच्या तोंडचे निम्मे शब्द लाल झाले. कुंभाराचे, कोष्ट्याचे, शेतातल्या औताचे शब्द लिहून पाहा, पडदा नुसता रक्ताळतो. यादी होते ती छापलेल्या मजकुरातून, आणि जे फारसं छापलंच गेलं नाही ते यादीत येणार कसं?

दुसरा घोटाळा जास्त गंभीर होता. तो सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी आहे. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. बारावीला पोरीनं चांगले गुण मिळवले आणि शिष्यवृत्तीचा अर्ज इंटरनेटवर स्वतःच भरला. आडनाव शेख. तिच्या दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, आधार कार्डावर इंग्रजीत ते एस-एच-ए-आय-के-एच असं आहे. इंग्रजी शब्दकोशातला शेख मात्र ए ऐवजी ई घेऊन येतो. अर्जात नाव टाकल्याबरोबर आडनावाखाली लाल रेघ उमटली. पोरीला वाटलं, आपलं काही तरी चुकतंय. उजवं बटण दाबलं, यंत्रानं ई-वाला शेख पुढं केला, तिनं तो घेतला. एक अक्षर. अर्ज परत आला, नाव कागदपत्रांशी जुळत नाही म्हणून. दुरुस्तीसाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर असे दोन महिने गेले. वसतिगृहाचे पैसे मुदतीत भरायचे होते. आईनं कानातलं गहाण ठेवलं.

हे सगळं मला नंतर कळलं. मी तिला रागावलेच, "अगं, स्वतःचं नाव बदलतं का कुणी?" ती खाली मान घालून म्हणाली, "आपा, तुम्हीच म्हणाला होता, लाल रेघ ठेवायची नाही."

काय बोलणार? पुढं शिष्यवृत्ती मिळाली आणि कानातलंही सुटलं. पण सतरा वर्षांच्या मुलीनं एका रेघेच्या सांगण्यावरून आपलं आडनाव चुकीचं ठरवलं, हे माझ्या मनातून गेलं नाही. मी तिच्या वयाची असते तर मीही तेच केलं असतं. गंमत बघा, आमच्या ओळखीचे एक अत्तार आहेत. त्यांच्या नावाखाली इंग्रजीत कधी रेघ येत नाही. अत्तर हा शब्द इंग्रजीनं केव्हाच उचललाय, त्याच्या वासावर यांचं आडनाव पार होतं.

आता कामाचं. ही तपासणी चालू किंवा बंद करणं आपल्या हातात असतं आणि ते फार सोपं आहे. मला ते कळायला दोन घोटाळे व्हावे लागले.

फायरफॉक्समध्ये ज्या चौकटीत लिहितो आहोत तिच्यात उजवं बटण दाबलं की 'चेक स्पेलिंग' असं दिसतं. त्यापुढची खूण काढली की रेघा गेल्या, पुन्हा केली की आल्या. कायमचं ठरवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये, भाषेच्या भागात, 'लिहिता लिहिता स्पेलिंग तपासा' अशा अर्थाचा पर्याय असतो. त्याच उजव्या बटणाखाली 'लँग्वेजेस' असतं, तिथं कोणत्या भाषेचा शब्दकोश लावायचा ते निवडता येतं. पुष्कळदा भानगड इथंच असते. लिहितो आपण मराठी आणि शब्दकोश लागलेला असतो भलत्याच भाषेचा. फायरफॉक्सच्या २०२२ साली आलेल्या शंभराव्या आवृत्तीपासून दोन भाषांचे शब्दकोश एकाच वेळी लावता येतात. आपल्यासारख्या एका वाक्यात दोन भाषा बोलणाऱ्यांची ही मोठीच सोय. आणखी एक, फायरफॉक्स आपणहून फक्त मोठ्या, अनेक ओळींच्या चौकटी तपासतो. नाव-पत्ता लिहायच्या एका ओळीच्या चौकटींना तो हात लावत नाही. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला माणसांच्या नावांची कदर असावी, असं मला उगाच वाटतं.

क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, तिथून लँग्वेजेस, आणि तिथं 'स्पेल चेक'चं बटण. त्याच्याखाली दोन प्रकार दिसतात, बेसिक आणि एन्हान्स्ड. यातला फरक नीट ऐका. एन्हान्स्ड म्हणजे वाढीव तपासणी निवडली, तर तुम्ही ब्राउझरमध्ये लिहिलेला मजकूर तपासणीसाठी गूगलकडे पाठवला जातो. ते तिथं लिहिलेलंही असतं, पण आपण वाचतो कुठं? किराणा मालाच्या यादीला याचं काही नाही. पण वकिलाला लिहायचं पत्र, दवाखान्याचे कागद, किंवा आमच्यासारख्यांची न छापलेली कविता असेल, तर बेसिकवर राहावं, नाही तर बंद ठेवावं. मॅकवरच्या सफारीत हे सगळं 'एडिट' या मेनूत 'स्पेलिंग अँड ग्रामर' नावाखाली आहे. तिथं शब्दांसोबत व्याकरण तपासायचा वेगळा पर्यायही आहे आणि तो वेगळा चालू-बंद करता येतो. कधी कधी तपासणी चालू असूनही रेघ येत नाही, तेव्हा ब्राउझर बिघडला असं समजू नका. संकेतस्थळ बांधणाऱ्याला एखाद्या चौकटीपुरती ती बंद करून ठेवता येते.

व्याकरणाचं नाव निघालं म्हणून सांगते, रेघ नाही म्हणजे लिखाण बिनचूक, असंही समजू नये. यादी एका वेळी एकच शब्द पाहते. 'अब्बा बाजारात गेली' असं लिहा. अब्बा, बाजारात, गेली, तिन्ही शब्द पास. एकदा माझ्या एका कवितेत 'दर्या' होता, कोकणातला, खारा. छापून आल्या त्या 'दऱ्या'. टंकताना र च्या जागी ऱ पडला, कारण संगणकात ही दोन वेगळी अक्षरं आहेत. पण दर्याही खरा आणि दऱ्याही खऱ्या, त्यामुळं रेघ उमटायचं कारणच नव्हतं. एका वाचकानं पत्र पाठवून सह्याद्रीच्या वर्णनाबद्दल माझं अभिनंदन केलं. मी आभार मानून मोकळी झाले. अशी चूक पकडायला अजून तरी डोळ्यांत तेल घालून वाचणारं माणूसच लागतं आणि छापखान्यांतून मुद्रितशोधक नावाचा तो माणूस कमी होत चाललाय, हे मला या रेघांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

मग मी स्वतः काय करते? कविता लिहिताना तपासणी बंद ठेवते. पहिल्या खर्ड्यात शब्द कसाही येऊ द्यावा. दोनदा असं झालंय की दखनीतला एखादा शब्द ओठावर आला, खाली लाल उमटेल या धाकानं मी दुसरा घेतला आणि ओळ मेली. लेख, अर्ज, पत्र लिहिताना मात्र चालू ठेवते, कारण 'परिक्षा' अजूनही माझ्या हातून होतेच. चूक दिसली की सुधारते, पण सुचवलेला शब्द आधी मोठ्यानं वाचते. आणि नाव, आडनाव, गावाचं नाव यांच्याखालच्या रेघेकडं सरळ दुर्लक्ष करायचं, समोर आपला कागद ठेवून अक्षर अन् अक्षर लावून पाहायचं. मागच्या गल्लीतल्या मुलीला मी हे सगळं बसवून समजावलं. आता ती गल्लीतल्या बाकीच्यांचे अर्ज भरून देते.

राहिली पत्रकं. दोन हजार होती, फेकवेनात. भाच्यानं शिक्का करून घेतला आणि आम्ही दोन रात्री बसून एकेका ज्वारीवर 'जवारी' उमटवली. शाई थोडी फाकली, पण वाचता येतं.

त्यानंतरच्या एका रविवारी अब्बा माझ्याकडं आले होते. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. 'जवारी' लिहिलं, रेघ आली. उजवं बटण दाबलं. सुचवलेल्या शब्दांच्या जवळच 'अ‍ॅड टू डिक्शनरी' असतं, म्हणजे हा शब्द माझ्या कोशात घाल. ते दाबलं आणि रेघ पुसली गेली. अब्बांनी चष्मा सारखा केला. "झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "झालं." मग सहज पुढं लिहिलं, 'जवारीला'. पुन्हा लाल. हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. आपण घातलेला शब्द यंत्र जसाच्या तसा ठेवून घेतं, त्याला प्रत्यय लावायचे नियम काही आपोआप मिळत नाहीत. प्रत्येक रूप वेगळं घालावं लागतं.

अब्बा म्हणाले, "मग घाल की. मी सांगतो." आणि कारखान्यात पोरांना सांगायचे तसे सांगत गेले. जवारीचा आवाज. जवारीवरचा हात. जवारीत दोष. जवारीनं तार बोलते. मी एकेक लिहीत होते, बटण दाबत होते. अंधार पडला तेव्हा अकरा रूपं झाली होती. उठता उठता ते म्हणाले, "जवारीदार राहिलं."